आगाऊ फी ही कमाई नव्हे, अमानत आहे

नागपूर असो, अमरावती असो, अकोला असो की आमचं वर्धा, कुठल्याही मुस्लिम मोहल्ल्यात शिरलात की एखाद्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर जिमचा बोर्ड दिसतोच. मालक साधारण पंचवीस-तिशीतला. आधी कुणाच्या तरी मोठ्या जिममध्ये ट्रेनर होता, मग घरच्यांकडून, मित्रांकडून पैसे गोळा करून त्याने स्वतःची जिम टाकली. उद्घाटनाला माजी नगरसेवक येतात, इमामसाहेब दुआ करतात, रील निघते. दीड-दोन वर्षांनी त्यातल्या काहींचं शटर खाली येतं, मशीन निम्म्याहून कमी भावात दुसऱ्या गावी जातात, आणि चार मित्रांचं बोलणं बंद होतं.

मी सेवाग्रामला राहते आणि वर्ध्यात लहान व्यावसायिकांचे जमाखर्च लिहिते. किराणा, मोबाइल दुरुस्ती, एक बेकरी आणि काही जिम. जिमवाल्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. मी जवळून पाहिलेली ही मुलं गिऱ्हाईक नाही म्हणून अडचणीत आली नाहीत, वही नाही म्हणून आली. आणि वही लिहायला शिकवणं हे काम आपल्या सामाजिक संघटनांनी आजवर आपलं मानलेलं नाही. करिअर मार्गदर्शन होतं, रक्तदान होतं, उद्योजकता मेळाव्यात बँकेचे साहेब भाषण करून जातात. पण त्यानंतर त्या पोराबरोबर बसून त्याचा महिन्याचा आकडा कोण जुळवतो? कुणीच नाही.

एका जिमवाल्याने मला जे सांगितलं तेच बाकीचेही वेगवेगळ्या शब्दांत सांगतात: "बाजी, पैसा आता तो है, रुकता नहीं." तो का थांबत नाही हे समजायला फार मोठं शास्त्र लागत नाही.

जिमचा धंदा किराण्यासारखा नाही. किराण्यात माल दिला, पैसे घेतले, व्यवहार संपला. जिममध्ये पैसे आधी येतात आणि सेवा नंतर, महिनोन्‌महिने द्यायची असते. नवीन वर्षाची ऑफर लावली की जानेवारीत गर्दी होते. समजा महिन्याची फी 600 रुपये आहे आणि वर्षाची एकदम भरली तर 4,800. जानेवारीत 40 जणांनी वर्षाची फी भरली. गल्ल्यात आले 1,92,000 रुपये. आयुष्यात पहिल्यांदा इतकी रक्कम एकत्र दिसते. मालक नवीन ट्रेडमिल घेतो, बहिणीच्या लग्नातलं देणं फेडतो, गाडीचा हप्ता भरतो. यात वाईट हेतू काहीच नाही, त्याला खरोखर वाटतं की ही आपली कमाई आहे.

ती नाही. त्या 40 जणांकडून जानेवारीत त्याने कमावले फक्त 16,000 रुपये. उरलेले 1,76,000 त्याच्याकडे ठेवायला दिलेले आहेत. दर महिन्याला त्यातले 16,000 त्याचे होत जातील, जिम उघडी राहिली तर. एप्रिलच्या शेवटीसुद्धा 1,28,000 रुपये लोकांचेच असतात. पण तोवर ते खर्च झालेले असतात. मग उन्हाळा येतो. आमच्या भागात जिमचं बरंचसं गिऱ्हाईक म्हणजे सेवाग्रामच्या वैद्यकीय आणि अभियांत्रिकी कॉलेजची मुलं आणि पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं. सुट्ट्या लागल्या की पहिले गावी जातात, भरती झाली की दुसरे गायब होतात. नवीन फी येत नाही, जुन्यांना सेवा तर द्यायचीच असते, आणि भाडं, लाइट बिल, ट्रेनरचा पगार कुणासाठी थांबत नाही. मग जून-जुलैत अर्ध्या किमतीत पुन्हा वार्षिक ऑफर लागते. म्हणजे पुढच्या वर्षाचे पैसे आणून या वर्षाचा खड्डा बुजवायचा. इथून पुढे शटर खाली येणं ही फक्त वेळेची गोष्ट असते.

मराठी जमाखर्चात अशा रकमेसाठी एक जुना शब्द आहे: अनामत. हा आपलाच अमानत आहे, अरबीतून फारसीमार्गे आलेला. खरं तर मराठी वहीतले कितीतरी शब्द त्याच वाटेने आले आहेत: हिशोब, जमा, खर्च, बाकी, रक्कम, वसूल, नफा, नुकसान. त्यामुळे "हिशोब हे बनियाचं काम, आपल्याला जमत नाही" असं कुणी म्हटलं की मला हसू येतं. आणि अमानत म्हणजे काय हे मदरशात दोन वर्षं गेलेल्या पोरालाही सांगावं लागत नाही. फक्त ती अमानत त्याच्या गल्ल्यात पडून आहे हे त्याला कुणी दाखवलेलं नसतं.

म्हणून माझा पहिला आग्रह अगदी साधा आहे. वहीत किंवा मोबाइलच्या तक्त्यात एक वेगळा रकाना ठेवा, नाव द्या "अमानत". वार्षिक, सहामाही फी आली की पूर्ण रक्कम तिथे लिहा. दर महिन्याच्या एक तारखेला त्यातला त्या महिन्याचा हिस्सा उचलून कमाईत टाका. शक्य असेल तर बँकेत दुसरं बचत खातं उघडा आणि ती रक्कम प्रत्यक्षात तिकडे वळवा. रमजानमध्ये कुणी "एक महिना फी गोठवा" म्हटलं, तर त्याचा एक महिना पुढे ढकलला गेला. म्हणजे त्या महिन्याचा हिस्सा कमाईत येत नाही, अमानतमध्येच राहतो. हे लिहिलं नाही तर मालक विसरतो आणि मेंबर विसरत नाही. मग काउंटरवर वाद.

दुसरी गोष्ट दराची. बाजूच्या जिमने 500 केले म्हणून आपण 450 करायचे, असाच दर ठरतो. पण महिन्याला लागतं किती? पुन्हा एक समजून घेण्यापुरता हिशोब. भाडं 12,000, लाइट 6,000, ट्रेनर 10,000, साफसफाई-दुरुस्ती 4,000. झाले 32,000. बहुतेकांची बेरीज इथे संपते. मशीन मात्र रोज झिजत असतात. 6 लाखांच्या मशीन पाच वर्षं चालतील असं धरलं तर महिन्याला 10,000 रुपये झीज, म्हणजे वहीच्या भाषेत घसारा. मशीन उधारीवर किंवा कर्जावर घेतल्या असतील तर घसारा आणि हप्ता यांतला जो आकडा मोठा तो धरा. आता 42,000 झाले. 600 रुपये फीने 70 मेंबर हवेत, आणि त्यात मालकाच्या घरी एक रुपयाही जात नाही. त्याने स्वतःचा पगार 15,000 धरला तर 57,000, म्हणजे 95 मेंबर. आणि सगळे वार्षिक ऑफरवाले, म्हणजे महिन्याला 400 देणारे असतील तर 143. त्या एका हॉलमध्ये संध्याकाळी 143 जण मावतात का, हा प्रश्न ऑफर लावण्याआधी विचारायचा असतो.

मालकाचा पगार हा मुद्दा मी प्रत्येकाला तीन-तीनदा सांगते. ठरलेला पगार नसला की गल्ल्यातून उचल सुरू होते. आज पेट्रोलला 200, उद्या अम्मीच्या औषधाला 900, परवा मित्राला उधार. महिन्याला किती उचलले ते त्यालाच माहीत नसतं. क्यूआर कोड घरच्याच खात्याचा असतो, त्यामुळे जिमची फी आणि मामांनी पाठवलेले पैसे एकाच यादीत येतात. प्रोटीनचे डबे विकणाऱ्यांचं तर आणखी कठीण. डबे उधारीवर जातात, ओळखीच्या पोराकडे मागायची लाज वाटते, आणि विकायला एफएसएसएआयची नोंदणी लागते हे कुणी सांगितलेलं नसतं.

आता पैशाच्या उगमाकडे. आपल्यातली बरीच मुलं बँकेकडे जात नाहीत. काहींना व्याज नको असतं, काहींना बँक दारात उभी करत नाही, काहींच्या बाबतीत दोन्ही खरं असतं. व्याजाच्या प्रश्नावर मी निवाडा देणार नाही, तो ज्याने त्याने आपल्या समजुतीने आणि आलिमांना विचारून करावा. ज्यांना कर्ज घ्यायचं आहे त्यांच्यासाठी 2015 पासून मुद्रा योजना आहे. तारण लागत नाही, 50,000 पर्यंत शिशू, 5 लाखांपर्यंत किशोर, 10 लाखांपर्यंत तरुण. पण माझी तक्रार बिनव्याजी पैशांबद्दल आहे. मामांकडून दीड लाख, दोस्ताकडून ऐंशी हजार, अम्मीचे दागिने. कर्जे-हसना म्हणून घेतलेले हे पैसे कुठेच लिहिलेले नसतात. "अपनों में क्या लिखा-पढ़ी" म्हणे!

सूरह बकराची 282वी आयत ही कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे, आणि तिचा विषय आहे उधारीचा व्यवहार लिहून ठेवणं: मुदत ठरवून, लिहिणाऱ्याकडून नीट लिहून घेऊन, साक्षीदार ठेवून, रक्कम लहान असो वा मोठी, कंटाळा न करता. तरावीहमध्ये दरवर्षी आपण ती ऐकतो. मग घरी येऊन मामांचे दीड लाख तोंडी घेतो. हे मला कधी समजलेलं नाही.

भागीदारीत तर न लिहिण्याची किंमत मैत्रीने चुकवावी लागते. दोघांनी पैसे घातले, तिसऱ्याने मशीन आणल्या, चौथा रोज सकाळी पाचला येऊन शटर उघडतो. नफा झाला तर कसा वाटायचा? तोटा झाला तर? इस्लामी फिकहमध्ये यावर शेकडो वर्षांपूर्वी तपशिलात विचार झाला आहे. सगळ्यांचं भांडवल असेल तर तोटा भांडवलाच्या प्रमाणात. एकाचे पैसे आणि दुसऱ्याची मेहनत असेल तर पैशाचा तोटा पैसेवाल्याचा, मेहनत करणाऱ्याची मेहनत वाया जाते. नफ्याचा वाटा मात्र आधी ठरवायचा. हेच 1932 च्या भारतीय भागीदारी कायद्याप्रमाणे करारपत्रात उतरवता येतं. भागीदारीची नोंदणी केली नाही तर एकमेकांवर करारातला हक्क बजावायला कोर्टात दावा लावता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे.

कराबद्दल थोडक्यात, कारण भीती तिथेच जास्त आहे आणि तिला आधार कमी. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही. आणि नोंदणी नसताना पावतीवर जीएसटी लावून पैसे घेणं बेकायदा आहे, ते करू नका. नोंदणी असलेल्या जिमसाठी 22 सप्टेंबर 2025 पासून दर 18 टक्क्यांवरून 5 वर आला, पण मशीनवर किंवा भाड्यावर भरलेला कर आता वजा करून मिळत नाही. आयकरात छोट्या धंद्यांना अंदाजे नफा दाखवायची सोय आहे, 44 एडी या नावाने सगळे ओळखतात ती: उलाढालीच्या 8 टक्के, बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेवर 6 टक्के, आणि वह्या ठेवायची सक्ती नाही. याच शेवटच्या वाक्याने घात केलाय. सल्लागार म्हणतो वही लागत नाही, पोरगा खूश. पण वही सरकारसाठी लागत नसली तरी तुम्हाला लागते! आठ टक्के हा कायद्याने धरलेला नफा आहे. तुम्हाला प्रत्यक्षात तोटा होत असेल तर ते त्या विवरणपत्रातून तुम्हाला कधीच कळणार नाही.

"मोजलं की बरकत जाते" असंही ऐकते, मोठ्यांकडून जास्त. ज्या धर्मात जकात मोजूनच द्यावी लागते त्यात हे कसं बसतं? वर्ष पूर्ण झालं की निसाबच्या वर शिल्लक किती, येणं किती, देणं किती, विकायला ठेवलेले डबे किती किमतीचे, हे सगळं काढल्याशिवाय अडीच टक्के कशाचे काढणार? व्यायामाच्या मशीन धंद्याची साधनं म्हणून त्यात धरत नाहीत, हे बहुतेक आलिम सांगतात. हेसुद्धा वेगळ्या यादीत असेल तरच कळतं.

न लिहिलेल्या पैशांनी एका जिमचंच नाही, एका चळवळीचंही नुकसान केलं आहे. 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला खिलाफत चळवळीत गरिबांनी, बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिले. पुढे उघड झालं की मुंबईतल्या मध्यवर्ती खिलाफत समितीचे अध्यक्ष सेठ छोटानी यांच्या व्यवसायात निधीतले लाखो रुपये अडकले आहेत. भरपाईपोटी त्यांनी आपल्या लाकूड कापायच्या गिरण्या समितीला दिल्या. माणूस दानशूर होता, चळवळीसाठी त्याने स्वतःचेही पैसे ओतले होते. पण लोकांचे पैसे आणि स्वतःचे पैसे एकाच थैलीत गेले, आणि चळवळीवरचा विश्वास जो गेला तो परत आला नाही. जानेवारीतल्या 1,92,000 चीही जात तीच आहे, रक्कम तेवढी लहान.

याउलट उदाहरण माझ्या गावाशेजारचं आहे. वर्ध्यातल्या मगनवाडीत 1934 साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला, जमनालाल बजाजांनी दिलेल्या जागेवर. तो चालवणारे जे. सी. कुमारप्पा हे तंजावरकडचे ख्रिस्ती गृहस्थ, लंडनमध्ये शिकलेले हिशोबतज्ज्ञ. त्याच वर्षी बिहारच्या भूकंपानंतर मदतनिधी सांभाळायला त्यांना पाठवलं होतं. त्यांनी कार्यकर्त्यांच्या रोजच्या खाण्याचा खर्च काही आण्यांवर बांधला, आणि गांधीजी आपल्या मंडळींसह तिथे आले तेव्हा त्यांचाही खर्च मदतनिधीतून होणार नाही असं सांगितलं. गांधीजी रागावले नाहीत. सेवाग्रामला येणारे पर्यटक बापू कुटीपुढे फोटो काढतात. मगनवाडीतल्या या हिशोबनिसाबद्दल मात्र फार कुणी विचारत नाही, याचं मला वाईट वाटतं.

आणि आपल्यासाठी त्याहून जवळचं नाव: डॉ. झाकिर हुसैन. बर्लिनहून अर्थशास्त्रात डॉक्टरेट घेऊन आलेले. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद झाली, तिने नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. पुढे नई तालीम चालवणारा हिंदुस्तानी तालीमी संघ सेवाग्रामलाच होता. त्या समितीच्या गणिताच्या अभ्यासक्रमात जमाखर्च लिहिणंही होतं. मूल जे सूत कातेल त्याचा हिशोब त्यानेच ठेवायचा, ही त्यामागची कल्पना. नव्वद वर्षं होत आली. आज दहावी पास मुलगा इन्स्टाग्रामची जाहिरात चालवू शकतो, पण रोजकीर्द म्हणजे काय ते सांगू शकत नाही.

तर माझी मागणी आपल्याच चळवळीकडे आहे. आणखी एक मेळावा नको. ज्या शहरात आपली शाखा आहे तिथे महिन्यातून एक रविवार, दोन तास, बी.कॉम. झालेले दोघं-तिघं बसावेत. आपल्या वस्त्यांत कॉमर्स शिकलेल्या मुली कमी नाहीत, लग्न ठरेपर्यंत घरी बसलेल्याही कमी नाहीत. त्यांना याचं मानधन द्या, फुकट नको. जिमवाल्याने त्या महिन्याची वही, बँकेचं स्टेटमेंट आणि बिलं घेऊन यायचं. तीन आकडे काढायचे: अमानत किती उरली, महिन्याला खरोखर लागतं किती, मालकाने उचललं किती. बस. नवीन जिम टाकायला निघालेल्याने आधी एकदा इथे येऊन जावं, उद्घाटनाची पत्रिका छापायच्या आधी.

एक अडचण मला दिसते. वस्तीत कुणाचं काय चाललंय ते सगळ्यांना कळतं, आणि आपला आकडा मोहल्ल्याच्या पोरांना दाखवायला कुणी तयार होणार नाही. म्हणून एका शहरातल्या वह्या दुसऱ्या शहरातल्या लोकांनी पाहाव्यात. वर्ध्याच्या यवतमाळवाल्यांनी, यवतमाळच्या वर्धेवाल्यांनी. फोनवर, फोटो पाठवून हे सहज होतं.

पावतीबुकाचा आणखी एक उपयोग आहे, तो न सांगितलेलाच बरा असं आधी वाटलं होतं. 2025 मध्ये भोपाळमध्ये जिममध्ये मुस्लिम ट्रेनर नकोत अशी भाषा उघडपणे झाली. अशा हवेत कोण मेंबर आहे, कधी आला, फी किती, ट्रेनर कोण, त्याचं ओळखपत्र काय, हे सगळं तारखेनिशी लिहिलेलं असेल तर चौकशीला आलेल्या माणसापुढे ठेवायला काहीतरी असतं. त्याने द्वेष थांबणार नाही. पण उत्तर तोंडी द्यावं लागत नाही.

बायकांच्या बॅचबद्दल शेवटी लिहिते, कारण सुरुवात तिथून करणं मला सर्वांत सोपं वाटतं. दुपारी बारा ते चार ज्या जिम फक्त बायकांसाठी उघड्या असतात तिथे ट्रेनर बाई असते, फीही तीच गोळा करते आणि तिची वही बहुधा नीट असते, भिशी सांभाळायची सवय असल्यामुळे. तिला अमानतचा रकाना समजावायला मला पंधरा मिनिटं लागतात. पुढच्या महिन्यात ती मालकाला विचारते, "भाईजान, शबानाबाजीचे चार महिन्यांचे पैसे अजून आपले झालेले नाहीत, मग तुम्ही उचलले कसे?"